पबमध्येच बिअर बनवायचीय? इंग्लंड-वेल्समधले परवाने, कागदपत्रं आणि कुठला अर्ज आधी

पबचं लायसन आहे ना, मग मागच्या खोलीत टाक्या लावून स्वतःची बिअर बनवायला काय हरकत, असं इथे पब चालवणाऱ्या आपल्या दोन-तीन मंडळींकडून ऐकलंय म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. कौन्सिल (म्हणजे इथली नगरपालिका) देतं ते दारू विकायचं लायसन. बनवायची परवानगी देतं टॅक्सचं खातं, म्हणजे एचएमआरसी. एक हातात आहे म्हणून दुसरं आपोआप मिळत नाही, आणि दुसरं यायच्या आधी विकायच्या बिअरचा एक घाणा जरी काढलात तरी तो बेकायदेशीर. (घरी स्वतःला प्यायला बनवता, विकत नाही, तर परवानगी लागत नाही, ती गोष्ट वेगळी.) खालची सगळी माहिती इंग्लंड आणि वेल्सची आहे, स्कॉटलंडचा लायसनिंगचा कायदा वेगळा.

पबमध्येच बिअर बनवणं इथे नवीन फॅड नाहीये बरं का. पूर्वी गावोगावी हेच चालायचं, मग मोठ्या ब्रुअऱ्यांनी मार्केट खाल्लं आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला असे जुने पब देशात मोजून चार उरले होते. त्यातला कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा ब्लू अँकर, त्यांच्या बिअरला स्पिंगो म्हणतात. आता अशा छोट्या मायक्रोब्रुअऱ्या पुष्कळ झाल्यात त्यामुळे अधिकाऱ्यांनाही ही भानगड काय आहे ते माहीत असतं, प्रश्न येतो तो आपण अर्ज उलट्या क्रमाने करतो म्हणून.

तर पहिलं काम, कुठलाही फॉर्म उघडायच्या आधी लीज काढा आणि नीट वाचा. आमच्या एका मित्राने पब लीजवर घेतला, उत्साहात ५०० लिटरचा सेकंडहँड किट विकत घेतला, मॅश टन (धान्य गरम पाण्यात भिजवायची टाकी), कॉपर (उकळायचं भांडं), दोन फर्मेंटर (आंबवायच्या टाक्या), व्हॅन भाड्याने घेऊन स्वतः चालवत आणला, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून लीज बघितलं तर त्यात टाय होता. टाय म्हणजे बिअर फक्त मालक कंपनीकडूनच घ्यायची, बाहेरची नाही आणि स्वतः बनवलेली तर नाहीच नाही. किट पुढे सात-आठ महिने गॅरेजमध्ये पडून, मॅश टनमध्ये पोराचे क्रिकेटचे पॅड. शेवटी कंपनीने बारवरच्या एका हँडपंपावर (बिअर ओढायचा दांडा) स्वतःची बिअर लावायला लीजमध्ये लेखी बदल करून दिला, पण हे आधी मागितलं असतं तर आधी मिळालं असतं. ज्या कंपन्यांचे टाय असलेले ५०० किंवा जास्त पब आहेत त्यांना २०१६ पासून पब्स कोड लागू आहे, त्यात भाडेकरूला काही हक्क आहेत, ते वाचून मगच बोलायला जा. पब स्वतःच्या मालकीचा असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, तुम्ही नशीबवान.

प्लॅनिंगचं, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराच्या परवानगीचं, थोडक्यात. पबच्याच आवारात पबपुरती बिअर बनवणं हा साधारण पबच्या वापराचाच भाग धरतात, पण वाफेची चिमणी बाहेर काढायची, भिंत पाडायची, शेड टाकायची असेल तर कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्याला आधी लेखी विचारा. आणि इमारत जुनी, संरक्षित यादीतली असेल (जुने पब बरेचदा असतात) तर आत भोक पाडायलासुद्धा वेगळी संमती लागू शकते.

आता विक्रीचं लायसन. २००३ च्या लायसनिंग ॲक्टखाली जागेचं प्रिमायसेस लायसन लागतं आणि एका माणसाकडे पर्सनल लायसन, तोच माणूस जबाबदार सुपरवायझर म्हणून कागदावर येतो. पर्सनल लायसनला वय १८ पूर्ण, लेव्हल २ चा लायसनिंगचा कोर्स पास केल्याचं सर्टिफिकेट, फोटो, काम करायचा हक्क असल्याचा पुरावा आणि एका महिन्यापेक्षा जुनं नसलेलं गुन्हेगारी रेकॉर्डचं पत्र, फी ३७ पौंड. ते पत्र आधीच मागवून ठेवू नका, कोर्सचा रिझल्ट येईपर्यंत महिना उलटून जातो आणि परत पैसे भरावे लागतात.

चालू पब असेल तर प्रिमायसेस लायसन असतंच, पण त्याला जोडलेला जागेचा नकाशा बघा. टाक्यांमुळे बारची मांडणी, बाहेर पडायचा रस्ता, लोक उभे राहतात ती जागा बदलत असेल तर नकाशा बदलायचा अर्ज करायचा. किरकोळ बदल असेल तर ८९ पौंडांत होतो, नोटीस पांढऱ्या कागदावर, १० कामाचे दिवस दारावर लावायची. नवीन लायसन किंवा मोठा बदल असेल तर नोटीस फिकट निळ्या कागदावर, २८ दिवस, शिवाय स्थानिक पेपरात जाहिरात. नवीन लायसनची फी जागेच्या करपात्र किमतीवर, १०० पौंडांपासून पुढे. कागदाचा रंग हा विनोद नाहीये. मोठ्या अर्जाची नोटीस पांढऱ्यावर छापली तर कौन्सिल परत निळी लावायला सांगू शकतं आणि मग २८ दिवस पहिल्यापासून मोजायचे. निळ्या कागदाचं रीम दोन-चार पौंडांत येतं, घेऊन ठेवा.

एचएमआरसीकडे मात्र वेळ काढून बसा. २०२५ पासून बिअर, सायडर, वाइन, स्पिरिट सगळ्यांना मिळून एकच मंजुरी झालीये, अल्कोहोलिक प्रॉडक्ट्स प्रोड्यूसर अप्रूव्हल, ऑनलाइन अर्ज. इथे पात्रता म्हणजे डिग्री वगैरे नाही, तर तुम्ही आणि कंपनीचे डायरेक्टर विश्वासाचे आहात का ते बघतात, जुना टॅक्स थकलाय का, दारू-तंबाखूच्या ड्युटीत (त्या मालावरच्या करात) कधी घोटाळा केलाय का, धंदा खरा आहे की कागदावरचा. हाताशी ठेवायचं ते असं: कंपनीचा नंबर, टॅक्सचे नंबर, व्हॅट असेल तर तो, डायरेक्टरांची माहिती, लीज किंवा मालकीचा कागद, बिझनेस प्लॅन, वर्षाला साधारण किती लिटर कुठल्या ताकदीची बिअर निघेल त्याचा अंदाज, आणि जागेचा नकाशा ज्यात बिअर कुठे बनते, कुठे साठवते आणि बार कुठून सुरू होतो हे स्पष्ट दिसेल. ही शेवटची रेघ महत्त्वाची, पबमध्ये बनवणं आणि विकणं एकाच छताखाली असल्यामुळे बिअर ब्रुअरीतून "बाहेर" कधी पडली हेच अधिकाऱ्याला बघायचं असतं, ड्युटी तिथे लागते. मित्रांना फुकट पाजलेली पिंटही हिशोबात धरायची, हे बऱ्याच जणांना पटत नाही पण तसंच आहे.

ड्युटी कशी मोजतात ते एकदा आकड्यांत बघू. १ ऑगस्ट २०२३ पासून हिशोब शुद्ध अल्कोहोलच्या लिटरवर. समजा उकळून गार केलेल्या धान्याच्या रसाची ग्रॅव्हिटी (घनता) हायड्रोमीटरवर १०४० आली, यीस्टचं काम संपल्यावर १०१०. फरक ३०, त्याला या ताकदीसाठी ठरलेल्या ०.१२९ या आकड्याने गुणलं की ३.८७, आणि ड्युटीसाठी एकच दशांश ठेवायचा, पुढचं सोडून द्यायचं, म्हणजे ३.८ टक्के. ५०० लिटरमध्ये झालं १९ लिटर शुद्ध अल्कोहोल. ऑगस्ट २०२३ च्या दराने, म्हणजे लिटरला २१.०१ पौंड, साधारण ३९९ पौंड. हीच बिअर कमीत कमी २० लिटरच्या कास्क किंवा केगमधून (बिअरची पिंपं) नळाने वाढली तर ड्रॉट रिलीफ, म्हणजे नळाच्या बिअरची सूट, तेव्हाचा दर १९.०८, म्हणजे साधारण ३६३. दर त्यानंतर बदललेत, भरायच्या आधी चालू दर बघा, हिशोबाची रीत मात्र हीच. आणि ड्रॉटचा दर लावलेली बिअर नंतर बाटल्यांत भरून विकायची नाही.

याच्या वर छोट्या उत्पादकांची सूट असते. बिअर ८.५ टक्क्यांच्या खाली आणि आदल्या वर्षीचं उत्पादन ४,५०० हेक्टोलिटर शुद्ध अल्कोहोलपर्यंत हवं, तेवढं ओलांडणं एका पबला सात जन्मांत जमणार नाही, म्हणजे या अटीत तुम्ही बसलातच समजा. उत्पादनाचं वर्ष १ फेब्रुवारी ते ३१ जानेवारी धरतात, एप्रिल नाही, तिथे गडबड होते. बिअर फक्त स्वतःच्या बारवर ग्राहकाला विकणार असाल तर एवढ्यावर भागतं, दुसऱ्या पबला चार कास्क द्यायचे म्हटलं की होलसेलचं वेगळं रजिस्ट्रेशन आलं.

बिअर कायद्याने अन्न आहे म्हणून फूड बिझनेसचं रजिस्ट्रेशन निदान २८ दिवस आधी, फुकट आहे आणि नाकारत नाहीत. किचनसाठी आधीच केलेलं असेल तर ब्रुइंग सुरू करतोय एवढं कौन्सिलला कळवा. ॲलर्जीची यादी बारवर ठेवा: बार्ली, गहू घातला असेल तर गहू, मिल्क स्टाउटमध्ये लॅक्टोज म्हणजे दूध. गंमत अशी की जुन्या पद्धतीच्या कास्क बिअरला स्वच्छ करायला आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या आतल्या हवेच्या पिशवीपासून बनतं, आणि त्याला ॲलर्जीच्या लेबलातून सूट आहे. कायद्याने सांगावं लागत नाही, पण तुमच्याकडे शाकाहारी गिऱ्हाईक येत असेल तर कृपया सांगा. मला स्वतःला हे इथे चार वर्षं पिऊन झाल्यावर कळलं, आईला अजून सांगितलेलं नाही.

सांडपाण्याचा अर्ज सगळे विसरतात. टाक्या धुतलेलं यीस्टचं पाणी गटारात सोडायला ट्रेड एफ्लुएंटची (धंद्यातल्या सांडपाण्याची) संमती लागते, नोटीस दोन महिने आधी द्यायची, पाणी किती, किती तापलेलं, त्यात काय काय. पावसाच्या पाण्याच्या नालीत तर थेंबसुद्धा नाही. उरलेला चोथा शेतकरी गुरांना आनंदाने नेतो, पण तो देण्याआधी पशुखाद्याचा पुरवठादार म्हणून कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं.

ग्लास मापाच्या सरकारी शिक्क्याचेच घ्या, ड्रॉट बिअर एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश पिंट किंवा अर्ध्याच्या पटीतच विकता येते.

मंजुरी आली की दर महिन्याचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, पैसे २५ पर्यंत, आणि हिशोबाच्या वह्या ६ वर्षं जपायच्या. पहिल्या महिन्यात बिअर बहुतेक फर्मेंटरमध्येच असते, ड्युटी काहीच नाही, तरी शून्याचं रिटर्न भरायचंच. त्या मॅश टनवाल्या मित्राने आपल्या पहिल्या रिटर्नचा स्क्रीनशॉट कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकला, तर त्याच्या आईचा रिप्लाय आला, "शून्य दिसतंय, धंदा चालत नाहीये का रे?"