बाळंतपणाची रजा कुठे संपते, आजारपणाची कुठे सुरू होते?

या दोन रजांची गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हींसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, दोन्हींत बाई कामावर नसते आणि आयर्लंडमध्ये तर दोन्हींचा भत्ता एकाच सामाजिक विम्यातून मिळतो. तिथे या गल्लतीचा फटका दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या बायकांना बसत होता, आणि तोही उलटसुलट. गंभीर आजारी आईची बाळंतपणाची रजा उपचारांत संपून जायची. महिला खासदाराला बाळंतपणाची रजाच नसल्यामुळे तिला आजारपणाच्या सवलतीचा आडोसा घ्यावा लागायचा. २०२४च्या एकाच कायद्याने दोन्हींत हात घातला, पण सारख्या ताकदीने नाही.

आधी फरक पाहू. आजारपणाची रजा शरीर बरं होण्यासाठी असते. ती किती दिवसांची, हे आजार ठरवतो. बरं वाटलं की संपली. बाळंतपणाच्या रजेची मुदत आधीच ठरलेली असते. आयर्लंडमध्ये ती २६ आठवड्यांची आहे आणि तेवढ्या काळासाठी भत्ता मिळतो (२०२५ मध्ये आठवड्याला २८९ युरो). हवे असल्यास आणखी १६ आठवडे बिनभत्त्याचे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे किमान दोन आणि बाळ झाल्यावरचे किमान चार आठवडे घ्यावेच लागतात. यात बाळंतिणीची झीज भरून येण्याचा काळ आहेच, पण मोठा वाटा बाळाच्या सोबतीचा. गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, आणि गरोदर बाईची तुलना आजारी पुरुषाशी करता येणार नाही, हे युरोपीय न्यायालयाने १९९४ मध्येच एका ब्रिटिश खटल्यात सांगून ठेवलं होतं.

आता समजा गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर लगेच कॅन्सरचं निदान झालं. आयर्लंडमध्ये गरोदरपणात असं निदान होणाऱ्या स्त्रिया वर्षाला साठेक असतात, असं आयरिश कॅन्सर सोसायटी सांगते. केमोथेरपी सुरू होते आणि तिकडे रजेचे आठवडेही सरत राहतात. उपचार संपून बाळाला नीट कडेवर घेण्याइतकी ताकद येईपर्यंत रजा संपलेली. बिनभत्त्याच्या १६ आठवड्यांत आजारी पडलं तर एक पळवाट होती: मालकाने मान्य केलं तर ती रजा थांबवून आजारपणाची घ्यायची. पण उरलेले आठवडे गेले ते गेलेच.

यातली खरी विसंगती अशी की बाळ रुग्णालयात असेल तर आईला रजा पुढे ढकलण्याची सोय कायद्यात बऱ्याच वर्षांपासून होती. आई स्वतः रुग्णालयात असेल तर मात्र नव्हती. हे इतकी वर्षं कुणाला खटकलं कसं नाही, याचं मला नवल वाटतं. शेवटी कॅन्सर सोसायटीने मोहीम चालवली आणि २० नोव्हेंबर २०२४ पासून नियम बदलला. शारीरिक असो वा मानसिक, जिवाला किंवा आरोग्याला गंभीर धोका असेल आणि उपचार चालू असतील, तर आई आपली रजा किंवा तिचा उरलेला भाग किमान ५ आणि जास्तीत जास्त ५२ आठवडे पुढे नेऊ शकते. डॉक्टरचा दाखला जोडून मालकाला लेखी कळवायचं, बस्स. मधला काळ आजारपणाच्या हिशेबात जातो, बाळंतपणाचे आठवडे शाबूत राहतात. साध्या आजारपणाला मात्र ही सवलत नाही. तापात गेलेले दिवस अजूनही रजेतूनच जातात.

खासदारांचं दुखणं निराळं. डॉल आणि शनाड या आयरिश संसदेच्या दोन सभागृहांतल्या सदस्यांना मालकच नसतो, त्यामुळे नोकरदारांचा कायदा त्यांना लागूच होत नव्हता. तेव्हाच्या न्यायमंत्री हेलन मॅकेंटी यांनी २०२१ मध्ये पदावर असताना बाळंतपणासाठी सुट्टी घेतली, तेव्हा त्या बिनखात्याच्या मंत्री राहिल्या आणि न्याय खातं मंत्रिमंडळातल्याच हेदर हम्फ्रीज यांच्याकडे गेलं. राज्यघटनेत मंत्रिमंडळाची कमाल संख्या १५ असल्यामुळे बदली म्हणून नवा मंत्री सहजासहजी आणता येत नाही. पंतप्रधानांच्या मर्जीने जमलेली ती तडजोड होती, हक्क नव्हे. स्थानिक परिषदांच्या सदस्यांसाठी २०२२ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यांना रजेच्या काळात तात्पुरता बदली सदस्य नेमता येतो. संसदेच्या सदस्यांना रजेचा कायदेशीर आधार मिळाला तो २०२४च्याच कायद्यात.

आजारी आईला तिचा वेळ परत मिळाला, प्रश्न सुटला. खासदाराला रजा मिळाली, पण तिचं मत कोण देणार? आयर्लंडच्या घटनेच्या १५व्या अनुच्छेदानुसार निर्णय होतो तो ‘हजर राहून मत देणाऱ्या’ सदस्यांच्या बहुमताने. त्यामुळे घरून किंवा दुसऱ्याच्या हातून मतदान करण्याची वाट अवघड आहे. परिषदेसारखा बदली सदस्यही इथे नाही. उरते ती जोडीची जुनी प्रथा: समोरच्या पक्षाचा एक सदस्य त्या मतदानाला गैरहजर राहतो आणि दोन्ही बाजूंचं एकेक मत कमी होतं. ही प्रथा आपसांतल्या समजुतीवर चालते. समोरच्या पक्षाने नाही म्हटलं, तर रजेवरच्या बाईने बाळाला सोडून सभागृहात यायचं की मत बुडू द्यायचं, याचं उत्तर नव्या कायद्यातही नाही.