ही फाइल या ड्रॉइंगमध्ये आली कुठून?

ड्रॉइंग उघडतो आणि ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचा प्रोग्रॅम, कळवतो, एक संदर्भ फाइल सापडत नाही. नाव वाचावं तर अनोळखी. आपण ती कधी जोडलेली नाही, पडद्यावर तिची एक रेघही दिसत नाही. मग ती आली कुठून?

ऑटोकॅडमध्ये बाहेरच्या संदर्भांची, म्हणजे एक्सरेफची सोय 1990 सालच्या रिलीज 11 पासून आहे. एक्सरेफ जोडला की त्या फाइलमधल्या रेषा आपल्या ड्रॉइंगमध्ये उतरत नाहीत. उतरतो फक्त तिचा पत्ता. ड्रॉइंग उघडलं की ऑटोकॅड त्या पत्त्यावर जाऊन फाइल वाचून आणतो. म्हणून आर्किटेक्टने प्लॅनमधली भिंत सरकवली की तो प्लॅन जोडलेल्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये ती सरकलेली दिसते.

अनोळखी नाव बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलेलं असतं. तुम्ही प्लॅन जोडलात आणि त्या प्लॅनच्या पोटात कॉलम-ग्रिडची, म्हणजे खांबांच्या जागा दाखवणाऱ्या रेषांच्या जाळीची, फाइल आधीच ‘अटॅच’ पद्धतीने जोडलेली असेल, तर ग्रिडही तुमच्याकडे येते. एक्सरेफची यादी एफ4 दाबून झाडासारखी पाहिली की कोण कोणाच्या पोटात आहे ते लगेच दिसतं. अशी पोटातली फाइल तुमच्या ड्रॉइंगमधून डिटॅच होत नाही, म्हणजे तिची नोंद काढून टाकता येत नाही; मूळ प्लॅन उघडूनच ती काढावी लागते. तिथे ती ‘ओव्हरले’ पद्धतीने जोडली तर प्लॅनमध्ये दिसत राहते, पुढे कोणाकडे जात नाही. एकमेकांची ड्रॉइंगं जोडून काम करणाऱ्यांनी ओव्हरलेचीच सवय ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण साधं आहे. एक्सरेफ निवडून डिलीट केला की पडद्यावरून चित्र जातं, पण नोंद राहते आणि यादीत त्यापुढे ‘अनरेफरन्स्ड’ असं येतं. नोंदही काढायची तर डिटॅचच करावं लागतं.

खरी काळजी वाटावी अशी गोष्ट मात्र निराळी आहे. फाइल सापडली नाही तर निदान सूचना तरी येते. भलतीच सापडली तर काहीच येत नाही. साठवलेल्या पत्त्यावर फाइल नसेल तर ऑटोकॅड लगेच हार मानत नाही. तो ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतो, मग प्रोजेक्टसाठी आणि सपोर्ट फाइलींसाठी ठरवलेल्या फोल्डरांमध्ये. त्या नावाची फाइल मिळाली की ती उचलतो. ती जुनी आहे की नवी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

मी एकदा दुपारभर एका कॉलमची जागा का जुळत नाही ते शोधत होतो. मापं तपासली, युनिट तपासली. शेवटी यादीतल्या त्या एक्सरेफवर क्लिक करून खालचा तपशील वाचला. ‘सेव्ह्ड पाथ’मध्ये सर्व्हरवरचा पत्ता होता आणि ‘फाउंड अ‍ॅट’मध्ये माझ्याच फोल्डरचा. कधीतरी मेलवरून उतरवून घेतलेली ग्रिडची जुनी प्रत तिथे पडून होती आणि सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव मधल्या काळात बदललं होतं. तेव्हापासून काहीही विचित्र दिसलं की मी आधी या दोन ओळी ताडून बघतो.

लेयरची, म्हणजे ड्रॉइंगमधल्या रेषा ज्या थरांत वाटलेल्या असतात त्यांची, नावंही माग देतात. ‘ग्रिड|कॉलम’ अशी मधे उभी रेघ असेल तर ते लेयर अजून जोडलेल्या ग्रिड फाइलचं आहे. ‘ग्रिड$0$कॉलम’ असं दिसलं तर ती फाइल कधीकाळी बाइंड करून याच ड्रॉइंगमध्ये मुरवली गेली आहे. तिचा पत्ता शोधत बसू नये.

फॉन्टच्या आणि प्लॉट स्टाइलच्या, म्हणजे छापताना रेषा कशा दिसाव्यात ते ठरवणाऱ्या, फाइली एक्सरेफच्या यादीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी रेफरन्स मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम आहे. ड्रॉइंग न उघडताही त्यात पत्ते बदलता येतात.

ड्रॉइंग बाहेर पाठवताना ऑटोकॅडमधली ई-ट्रान्समिट ही सोय त्याला लागणाऱ्या फाइली एका झिपमध्ये बांधून देते. ती झिप आपल्या नव्हे, दुसऱ्या संगणकावर उघडून बघावी. आपल्याकडे जुन्या प्रती कुठे ना कुठे पडलेल्या असतात. तिथे त्या नसतात, त्यामुळे काय राहून गेलंय ते उघडताक्षणीच दिसतं.