सकर मासा फिशटँक साफ करतो? कुठलं काय!

दुकानदार दोन इंची सकर पिशवीत घालून देतो आणि वर सांगतो, हा बाकीच्या माशांची शी खातो, पाणी बदलायची कटकटच नाही. साफ खोटं! सकर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला प्लेको, तो काचेवरचं शेवाळ खरवडतो, तेही लहान असताना जास्त, पण विष्ठा खात नाही, उलट स्वतःच एवढी करतो की तळाला लांबलचक दोरे लोळत असतात, म्हणजे पाणी जास्तच बदला. वाढतो दीड फुटापर्यंत. मोठा झाला की लपायच्या जागेवर हक्क सांगतो, दुसरा सकर आला की मारामारी, आणि उपाशी असला तर रात्री गोल्डफिशच्या अंगावरचा चिकट थरसुद्धा खरवडतो, म्हणून काकडीचे काप टाकत जा. झेपला नाही तर तलावात मात्र सोडू नका, उजनी धरणात मच्छीमार आधीच वैतागलेत याला.