गांडूळ तेच, घराणं बदललं

भारतीय गांडुळाचं शास्त्रीय नाव ‘फेरेटिमा पोस्थुमा’, हे आपण विच्छेदनाच्या तासाला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचतानाच पाठ केलं. गाइडांमध्ये अजूनही तेच सापडतं. पण १९७२ साली सिम्स आणि ईस्टन या गांडूळ-अभ्यासकांनी ‘फेरेटिमा’ ही अवाढव्य प्रजाती (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) फोडली आणि आपलं गांडूळ ‘मेटाफायर’मध्ये गेलं. निकष भिंगाखालचे: शरीराच्या १८व्या वलयावरची (खंडावरची) नर जननछिद्रं मेटाफायरमध्ये आत वळलेल्या पिशवीत उघडतात, तर त्याच फोडणीतल्या दुसऱ्या प्रजातीत, ‘अ‍ॅमिन्थस’मध्ये थेट त्वचेवर. खऱ्या फेरेटिमात शुक्रग्राहिकेच्या (जोडीदाराचे शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीच्या) नळीवर वृक्ककं (उत्सर्जनाच्या सूक्ष्म नळ्या) असतात, मेटाफायरमध्ये नसतात. नावातला दुसरा शब्द ‘पोस्थुमा’ मात्र कायम. आणि हो, गांडूळखताच्या बेडमधलं लालसर ‘आयसेनिया फेटिडा’ म्हणजे हे नव्हेच, त्याचं तर कुळही वेगळं!