कोल्हापुरात राहून किनाऱ्यावरच्या मूळ गावाचे जुने नकाशे कसे मिळवायचे: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

आचरेकर, मिठबावकर, देवबागकर अशी आडनावं कोल्हापुरात पेठापेठांत सापडतात. गाव आडनावात राहिलं, पण घर कोणत्या वाडीत होतं हे सांगणारं माणूस घरात उरलेलं नसतं. अशा वेळी गावचा जुना नकाशा फार मोठा आधार असतो. त्यासाठी अर्ज कुठे करायचा, इथूनच बहुतेकांची गाडी अडते.

कोल्हापूरच्या भूमि अभिलेख कार्यालयात मालवण किंवा देवगडच्या गावाचा नकाशा मिळत नाही. तो त्या त्या तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे असतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर मालवण, देवगड, वेंगुर्ला हे तालुके ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणून दिसतील. ते चुकीच्या गावचे समजून बाजूला ठेवू नका. सावंतवाडी संस्थानातल्या गावांचे जुने कागद मात्र संस्थानाच्या नावाने शोधावे लागतात.

अर्ज कोण करू शकतं?

कोणीही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३२७ नुसार नकाशे आणि भूमि अभिलेख पाहता येतात, ठरलेली फी भरून त्यांच्या नकलाही घेता येतात. जमीन आज तुमच्या नावावर असलीच पाहिजे अशी अट नाही. कोणी तसं सांगून परत पाठवलं, तर नम्रपणे या कलमाचा उल्लेख करा आणि अर्जाची पोच घेऊनच निघा.

अर्जात काय मागायचं?

‘जुना नकाशा द्यावा’ एवढंच लिहिलं तर हाती फारसं काही लागत नाही. गाव, तालुका, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि हवा असलेला अभिलेख नावानिशी लिहा. सर्व्हे नंबर ठाऊक नसेल तर नातेवाइकांच्या नावाने ऑनलाइन सात-बारा शोधा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. त्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदींचे, क्रमांक असतात. एकेक फेरफार मागे काढत गेलं की वारसनोंदींतून आजोबा, पणजोबा सापडू लागतात. जमिनीचे तुकडे एकत्र करून गट नंबर पडले असतील तर एकत्रीकरणाच्या वेळचे जुने सर्व्हे नंबरही मागून घ्या.

गाव नकाशासोबत टिपण जरूर मागा. माझ्या मते सगळ्यात जास्त बोलणारा कागद हाच. टिपण म्हणजे त्या सर्व्हे नंबरची हाताने काढलेली आकृती. ती प्रमाणात नसते, पण मधल्या रेषेवर आणि बाजूंवर मोजणीचे आकडे असतात. हे आकडे फुटांत नसून साखळी आणि आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे, म्हणजे आणा दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे बरोबर एक गुंठा. आकृतीच्या कडेला लगतचे सर्व्हे नंबरही दिलेले असतात. त्या नंबरांचे उतारे काढले की जुने शेजारी कळतात, आणि गावात गेल्यावर ओळख पटवून देणारं घर बहुतेकदा त्यांच्यातलंच निघतं.

आता एक अडचण. गाबीत, खारवी, दालदी अशा मासेमारी करणाऱ्या कित्येक कुटुंबांच्या नावावर जमीनच नव्हती. झोपडी खोताच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराच्या, जागेत, होडी पुळणीवर. त्यांची नावं नकाशाच्या कागदांत मिळत नाहीत, म्हणून शोध सोडू नये. खोती गावांत फैसल पत्रक (सर्वेक्षणाच्या वेळचं जमिनीचं नोंदपत्रक) आणि बोटखत (खोती जमिनी आणि कुळांची नोंदवही) पाहा, त्यांत कुळांची नावं मिळू शकतात. खोती संपवणारा कायदा १९४९ चा, त्यामुळे त्यानंतरचे फेरफारही नीट वाचावेत. तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, मागा. नकाशावरून वाडी कळली की या नोंदी चाळणं बरंच सोपं जातं.

कोल्हापुरातच काय मिळेल?

मालवणवर १८१२ पर्यंत करवीर राज्याचा अंमल होता, त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे गेलं. त्याआधीचा शोध घ्यायचा तर कोल्हापूरचं पुरालेखागार गाठा. तिथे अर्जात विषय, कालखंड आणि गाव स्पष्ट लिहा. ओळखपत्र आणि फोटो सोबत ठेवा. विद्यार्थी असाल तर विभागप्रमुखांचं शिफारसपत्र न्या. कागद बहुतेक मोडीत असतात, तेव्हा जाणकार वाचक आधीच गाठून ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे जुने नकाशेही कामाचे आहेत. जुन्या क्रमांकानुसार मालवण शहर ४७ एच मध्ये येतं. त्यात शेताच्या हद्दी नसतात, पण खाडी, पायवाटा, देवळं आणि वस्त्या दिसतात.

कागदपत्रं आणि फी

आधार कार्डाची प्रत, सात-बारा किंवा जुना फेरफार, अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प. नकलेची फी अभिलेखाप्रमाणे बदलते, ती कार्यालयात विचारूनच भरा. गाव नकाशासाठी नातं सिद्ध करावं लागत नाही. कोतवाल बुकासाठी मात्र शाळा सोडल्याचे दाखले आणि हाताने लिहिलेली वंशावळ जवळ असू द्या. नक्कल जात पडताळणीसारख्या कामासाठी हवी असेल तर ती प्रमाणितच घ्या, मोबाइलवरचा फोटो तिथे चालत नाही.

देवबाग, तळाशीलसारख्या गावांत समुद्राने आणि खाडीने किनारा खाल्ला आहे. जुन्या नकाशावरचा सर्व्हे नंबर आज जागेवर दिसला नाही, तरी नकाशा खोटा ठरत नाही. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून विहीर, देऊळ, ओढा अशा न हललेल्या खुणांवरून जागा ताडून पाहा.

अभिलेख जीर्ण आहे किंवा सापडत नाही असं उत्तर मिळालं तर ते लेखी घ्या. मग तोच अर्ज सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात ओरोसला, जिल्हा अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे करा. तालुक्याकडून उत्तरच आलं नाही, तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा. त्यावर ३० दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे.