ऑल-माउंटन स्की: लांबी कशावरून ठरवायची?

पुरुषांच्या विश्वचषक शर्यतींमध्ये स्कीची किमान लांबी नियमानेच ठरलेली असते. स्लॅलमसाठी १६५ सेंटिमीटर, जायंट स्लॅलमसाठी १९३ आणि डाउनहिलसाठी २१८. एकच खेळाडू या तिन्ही शर्यतींत उतरू शकतो. त्याची उंची तीच, वजन तेच, पायांतली ताकद तीच, आणि तरीही स्कीच्या लांबीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक. स्लॅलममध्ये खांब जवळजवळ रोवलेले असतात, वळणं आखूड आणि भराभर घ्यावी लागतात. डाउनहिलमध्ये वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि वळणं लांबलचक असतात. स्कीची लांबी आधी कामावरून ठरते.

दुकानात ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणारी स्की घेताना मात्र सगळं उंचीपाशीच अडतं. स्की शेजारी उभी करायची; टोक हनुवटीशी आलं तर नवशिक्यासाठी, कपाळाशी आलं तर सरावलेल्यासाठी, डोक्याच्या वर गेलं तर पट्टीच्या स्कीपटूसाठी, असा हिशेब. तो अगदीच टाकाऊ नाही. उंच माणूस बहुधा वजनदारही असतो, आणि त्याचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे पुढेमागे तोल सावरायला लांब आधार बरा पडतो. पण १७५ सेंटिमीटर उंचीची दोन माणसं, एक ६० किलोचं आणि एक ९५ किलोचं, यांच्या हातात एकाच मापाची स्की दिली तर एकाची तरी पंचाईत होणार. कारण स्की वळते ती वाकून, आणि किती वाकायचं ते तिच्यावर पडणारा भार ठरवतो.

हे वाकणं घरच्या घरी पाहता येतं. जाड कागदाची वीतभर पट्टी घ्या आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी थोडी बारीक कापा, म्हणजे टोकं रुंद आणि कंबर निमुळती. ही पट्टी टेबलावर एका कडेवर तिरकी धरा. टोकं टेकतील, कंबर अधांतरी राहील. आता बोटाने कंबर खाली दाबा. पट्टी वाकते, सबंध कड टेबलाला लागते आणि त्या कडेची रेघ कमानदार होते. कडक बर्फावर स्की नेमकी अशाच कमानीवरून धावते. पट्टी आणखी तिरकी केली तर कंबर आणखी वर राहते, दाबल्यावर पट्टी जास्त वाकते, आणि वळण आखूड होतं.

कंबरेच्या या घडणीला साइडकट म्हणतात. नॉर्वेतल्या टेलेमार्क भागात एकोणिसाव्या शतकातही कंबर असलेल्या स्की होत्या, पण ती कंबर फार बारीक नव्हती. पुढे कितीतरी दशकं दोन मीटरच्या आसपासच्या, जवळजवळ सरळ कडांच्या स्की सर्रास वापरल्या गेल्या. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स ही खोल साइडकटची स्की आणली आणि काही वर्षांतच जवळपास सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. स्की आखूड झाल्या त्या तेव्हापासून. जुन्या अनुभवी मंडळींनी सांगितलेली लांबी आज डोळे मिटून घेऊ नये, ती याचसाठी.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १३०-९६-११८. टोकाची, कंबरेची आणि शेपटीची ही मिलिमीटरमधली रुंदी. टोक आणि शेपूट यांची सरासरी काढा, तिच्यातून कंबर वजा करा आणि निम्मं करा: १२४ वजा ९६ म्हणजे २८, त्याचे निम्मे १४ मिलिमीटर. ही झाली एका बाजूची साइडकटची खोली. आता दोन रुंद जागांमधलं अंतर १.५ मीटर धरू. त्याच्या वर्गाला खोलीच्या आठपटीने भागलं की कमानीची त्रिज्या मिळते: २.२५ भागिले ०.११२, म्हणजे सुमारे २० मीटर. स्कीवर त्रिज्येचा आकडाही बहुधा छापलेला असतो, पण एकदा हाताने हिशेब केला की त्या आकड्यामागे काय आहे ते डोक्यात पक्कं बसतं. ही त्रिज्या स्की सपाट असतानाची. ती ६० अंशांत तिरकी केली आणि कड बर्फात पक्की धरून राहिली तर त्रिज्या निम्मी, म्हणजे १० मीटर होते. बेतशीर तिरकस ठेवणाऱ्याला तिच्यातून तेवढं आखूड वळण मिळणार नाही.

याच हिशेबात लांबी वाढवून पाहा. साइडकटची खोली तीच ठेवून ते अंतर १.६ मीटर केलं तर त्रिज्या जवळजवळ २३ मीटर होते. लांबी वाढली की कंपन्या बहुधा आतलं लाकूडही किंचित जाड ठेवतात, कारण लांब माप जास्त वजनदार माणूस घेईल असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. आणि पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी १० टक्के वाढली की ताठपणा ३३ टक्के वाढतो. तिसरी गोष्ट फिरवण्याची. एकसारख्या जाडीची पट्टी मध्यावर धरून फिरवायची तर तिचा विरोध लांबीच्या घनाने वाढतो. १७० वरून १८० वर गेलं तर लांबी वाढते सहा टक्के आणि फिरवायला लागणारा जोर सुमारे १९ टक्के. खऱ्या स्कीची टोकं हलकी केलेली असतात म्हणून फरक जरा कमी पडतो, पण झाडांमधून किंवा बर्फाच्या उंचवट्यांमधून पटापट पाय फिरवताना तो चांगलाच जाणवतो. एकाच मॉडेलची १७२ आणि १८० ही मापं म्हणजे वागणुकीने दोन वेगळ्या स्की असतात.

हलका माणूस ताठ, लांब स्कीवर उभा राहिला की ती त्याच्या भाराने वाकतच नाही. ती मोठ्या कमानीवरून सरळ निघू पाहते, तो तिला ढकलून, घसटून वळवतो आणि दिवस संपायच्या आत मांड्या भरून येतात. उलट वजनदार, वेगात जाणारा माणूस मऊ, आखूड स्कीवर असला तर ती गरजेपेक्षा जास्त वाकते, वेगात टोक थरथरतं आणि शेपूट मधेच पकड सोडते. यातली पहिली चूक जास्त सर्रास आढळते असं माझं मत आहे, कारण लांब स्की म्हणजे तरबेज माणसाची स्की असा समज खोलवर रुजलेला आहे.

आता रॉकर. दुकानात एका जोडीच्या दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. जुन्या घडणीच्या स्कीमध्ये टोकं आणि शेपट्या टेकतात आणि मध्ये बोटभर फट राहते, हा कॅम्बर. मध्ये हाताने दाबून फट मिटवा आणि आता टोकांकडे बघा. आजच्या ऑल-माउंटन जोडीत टोकांकडे दोन्ही स्की पुष्कळ आधीपासून एकमेकींपासून दूर व्हायला लागलेल्या दिसतील. तळ जिथून वर उचलला जातो तिथपासूनचा भाग रॉकरचा. शेपटीकडेही थोडासा असतो. सपाट धरलेल्या स्कीचा हा भाग कडक बर्फावर बर्फाला टेकतच नाही. म्हणून भरपूर रॉकर असलेली १८० ची स्की गुळगुळीत उतारावर जवळजवळ पूर्ण कॅम्बरच्या १७० सारखी वागू शकते. लांबीच्या आकड्यापेक्षा बर्फाला टेकणारी लांबी महत्त्वाची, आणि ती हाताच्या पंजाने मोजता येते. मोजाच. त्यातून कंपन्यांची मोजण्याची पद्धतही एक नाही: कोणी टोकापासून शेपटीपर्यंत सरळ टेप धरतं, कोणी तळाच्या वळणावरून. दोन कंपन्यांच्या १८० मध्ये एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. मोठा रॉकर असेल तर एक माप वर जायला हरकत नाही. नसेल तर जाऊ नये.

यापुढचा प्रश्न कंबरेच्या रुंदीचा, आणि माझ्या मते मॉडेल निवडताना लांबीच्याही आधी तो सोडवायला हवा. ऑल-माउंटन म्हणजे डोंगरभर एकच जोडी: सकाळी यंत्राने सपाट केलेला उतार, दुपारी उखणलेला बर्फ, नशिबाने रात्री हिमवर्षाव झाला तर ताजा भुसभुशीत बर्फ. या वर्गातल्या स्कीची कंबर ढोबळमानाने ८० ते १०५ मिलिमीटर असते. हा पल्ला फार मोठा आहे. कडक बर्फावर सगळा जोर एका कडेवर येतो, आणि ती कड पायाच्या मध्यरेषेपासून कंबरेच्या निम्म्या अंतरावर असते. ८० च्या स्कीत ४० मिलिमीटर, ११० च्या स्कीत ५५. तरफेचा हात सुमारे ३७ टक्क्यांनी वाढला. तेवढं जास्त बळ पायाच्या घोट्याला आणि गुडघ्याला पेलावं लागतं आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायलाही वेळ जास्त लागतो. बुटाच्या तळव्याची पुढची रुंदी ६९ मिलिमीटरच्या आसपास असते. शर्यतीच्या स्कीची कंबर त्याहूनही अरुंद ठेवतात ती कड थेट पायाखाली यावी म्हणून.

मऊ बर्फात चित्र पालटतं. स्की आत रुतते, बर्फ सगळ्या तळाला खालून उचलतो, आणि तो तरफेचा हात फारसा उरत नाही. तिथे क्षेत्रफळाला किंमत. १८० च्या स्कीची रुंदी सगळीकडे १० मिलिमीटरने वाढवली तर तळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो. लांबी १० सेंटिमीटरने वाढवली तर सुमारे ६ टक्क्यांनी. तरंगायचं असेल तर रुंदी आणि टोकाचा रॉकर लांबीपेक्षा जास्त कामाला येतात. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझे बहुतेक दिवस कोणत्या बर्फावर जातात? स्वप्नातल्या बर्फावर नव्हे, प्रत्यक्षातल्या. दहातले सात-आठ दिवस सपाट केलेल्या उतारावर जात असतील तर ८२ ते ९० बस झाले. निम्मेनिम्मे असतील तर ९५ च्या आसपास. शंभराच्या वर जायचं ते मऊ बर्फ नियमाने मिळत असेल तरच. नाहीतर वर्षातल्या दोन सुंदर दिवसांसाठी बाकीचे सगळे दिवस गुडघ्यांना जास्तीचं ओझं वाहायला लावतो आपण.

मग येतो धातू. टिटॅनल हे नाव ऐकून अनेकांना तो टायटॅनियम वाटतो. तो आहे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. लाकडी गाभ्याच्या वर-खाली त्याचे एक मिलिमीटरहून पातळ पत्रे चिकटवले की स्की पिळली जाण्याला जास्त विरोध करते, त्यामुळे टोकापर्यंत कड धरून राहते, आणि उखणलेल्या बर्फातले हादरे पायापर्यंत येण्याआधीच बरेचसे मुरतात. बदल्यात वजन वाढतं. नॉर्डिकाच्या एन्फोर्सरची ओळखच धातूच्या दोन पत्र्यांवर उभी आहे. मॉडेलच्या नावातला आकडा, उदाहरणार्थ ९४, हीच कंबरेची रुंदी. फोल्कलच्या मँट्राच्या साइडकटला टोकाला, मध्यभागी आणि शेपटीला वेगवेगळी त्रिज्या दिलेली आहे, त्यामुळे एकाच स्कीतून लांब आणि आखूड अशी दोन्ही वळणं काढता येतात. हेडच्या कोअर मालिकेत धातूच्या पत्र्यांऐवजी कार्बन आणि ग्राफीन वापरून वजन उतरवलं आहे. एलानच्या रिपस्टिकमध्ये डावी आणि उजवी स्की वेगळी असते: आतल्या कडेला कॅम्बर, बाहेरच्या कडेला रॉकर. म्हणजे पकड हवी तिथे पकड, सुटसुटीतपणा हवा तिथे सुटसुटीतपणा.

यातली सर्वोत्तम कोणती, हे कोणाला विचारू नका. वजनदार असाल, वेग आवडत असेल, बर्फ कडक आणि उखणलेला असेल तर धातूची. हलके असाल किंवा सावकाश, झाडांमधून, वाकडंतिकडं फिरायला आवडत असेल तर धातू नसलेली किंवा कमी धातूची. स्त्रियांसाठी म्हणून विकली जाणारी मॉडेलं कधी आतून अगदी तीच असतात, कधी हलक्या गाभ्याची. वजन आणि वेग जुळत असेल तर त्या पाटीकडे पाहायची कोणालाच गरज नाही. एक आणखी: मॉडेलचं नाव वर्षानुवर्षं तेच राहतं, आतली रचना मात्र दर काही वर्षांनी बदलते. परीक्षण वाचताना ते कोणत्या वर्षाच्या स्कीचं आहे ते पाहावं.

या सगळ्यानंतर लांबी. कंपनीच्या तक्त्यात वजनाप्रमाणे माप दिलेलं असेल तर तिथून सुरुवात करा. दोन मापांच्या मधे अडकलात, तर वेग कमी, वळणं आखूड, रॉकर थोडा आणि धातू भरपूर असेल तेव्हा खालचं माप. वेग जास्त, उतार मोकळे, रॉकर मोठा आणि स्की मऊ असेल तेव्हा वरचं. बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या खोबणीचे, ब्रेक कंबरेपेक्षा थोडेच रुंद घ्या: अरुंद असतील तर बसणारच नाहीत, फार रुंद असतील तर वळणात बर्फाला घासतील.

भाड्याने मिळत असतील तर एकाच मॉडेलची लागोपाठची दोन मापं एकाच दिवशी, एकाच उतारावर चालवून पाहा. आधी मध्यम वेगात पाच-सहा वळणं कडेवर घ्या आणि वळणाच्या शेवटी शेपूट पकड सोडते का ते बघा. मग उखणलेल्या भागातून जा आणि टोक किती थरथरतं ते पाहा. शेवटी अगदी सावकाश, अरुंद जागेत पाय फिरवा. पण निघण्यापूर्वी दोन्ही जोड्यांच्या कडांवरून नख आडवं फिरवून घ्या. धार असेल तर नखाचा कीस निघतो. भाड्याच्या स्कीची कड बोथट असली तर उत्तम स्कीसुद्धा कडक बर्फावर घसरते, आणि दोष मापाच्या माथी जातो. कीस निघत नसेल तर धार लावून मागा, मगच वर जा.