खिशातली बॅटरी : पार्श्वभूमी

दोन-तीन सेलची पत्र्याची बॅटरी आणि सेल उतरू लागले की लालसर होत जाणारा तिचा उजेड मराठवाड्यातील वाचकांना परिचित आहे. खिशात मावणारी बॅटरी कोणती घ्यावी, हा प्रश्न मात्र इकडे भारनियमनाच्या काळात उभा राहिला. कृषिपंपांचा थ्री-फेज पुरवठा आळीपाळीने रात्री मिळू लागल्याने दारे धरणे हे मध्यरात्रीचे काम झाले आणि घोणस-मण्यारीच्या भीतीने उजेड सतत जवळ बाळगणे भाग पडले.

त्या वर्षांत बाजार व्यापला तो शिसे-आम्लाची ४ व्होल्टची बॅटरी असलेल्या प्लास्टिकच्या टॉर्चने. मागच्या दोन पिना बाहेर काढून ती थेट बोर्डात खोचता येई, ही तिची सोय. पण उतरलेल्या अवस्थेत ती महिनाभर पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा घट्ट थर बसे आणि मग चार्जिंगचा लाल दिवा रात्रभर जळूनही उजेड काही मिनिटांत ओसरे. शिवाय लाईट नसताना लागणारी वस्तू लाईटवरच चार्ज करायची होती. २००३ मध्ये आलेल्या टॉर्चच्या साध्या मोबाइलने पायापुरता उजेड दिला, बांधापलीकडचा नाही.

१९९१ मध्ये बाजारात आलेला लिथियम-आयन सेल आणि नव्वदच्या दशकातच आलेला पांढरा एलईडी एकत्र आल्यावर आजची छोटी बॅटरी शक्य झाली. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा १८६५० सेल तिचा कणा ठरला. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २५०० ते ३५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये साठणाऱ्या विजेचे माप) असते. ९९०० छापलेला सेल सरळ परत करावा.

खरा वाद आहे तो खोक्यावरील आकड्यांचा. २००९ मध्ये अमेरिकेतील उत्पादकांनी मिळून मोजमापाचे एक ऐच्छिक मानक ठरवले. त्यानुसार उजेड बटण दाबल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या अवधीत मोजला जातो, तर तो सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सारा काळ ‘चालण्याचा वेळ’ धरला जातो. त्यापूर्वी कोणीही काहीही छापत असल्याने ही सुधारणाच होती. पण दहा टक्क्यांची ही सवलत उत्पादकांच्या फार सोयीची ठरली. १००० ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप) बॅटरी तापू नये म्हणून तीन-चार मिनिटांत १५० वर उतरवली आणि पुढे पाच तास रेटली, तरी ‘१००० ल्युमेन, ५ तास’ हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी नियमाला धरूनच छापता येतात. पल्ल्याचेही तसेच आहे: जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचे अंतर मोजले जाते. तेवढ्या उजेडात बांध दिसेल, बांधावरची मण्यार दिसणार नाही.

मानकाचा बचाव करणारे म्हणतात की सर्वांना एकच फूटपट्टी लागल्याने तुलना तरी करता येते. ते खरे आहे, पण फूटपट्टी शिखरावर लावली गेल्यामुळे स्पर्धाही शिखराचीच झाली. रात्रपाळीच्या पाण्याला लागतो तो शंभरेक ल्युमेनचा न ढळणारा उजेड, जो ३००० एमएएचचा एक चांगला सेल आठ-दहा तास देऊ शकतो. म्हणून घेताना मोठा आकडा सोडून उजेडाच्या मधल्या पायरीचे ल्युमेन आणि तिचे तास विचारावेत; दुकानदाराला ते सांगता आले नाहीत, तर काळ व उजेड यांचा आलेख देणारी दुसरी बॅटरी पाहावी.